आणखी कोणी राहिलंय का?

फाल्गुनातल्या अमावस्येला रामकुंडावर मी एका यजमानाकडून माझ्याच नावानं पाणी सोडवून घेतलं. आजार त्याच्या कितीतरी आधीपासून अंगात होता, पण काय बिनसलंय ते घरच्यांना कळलं त्या सकाळी.

मी श्रीधर. पंचवटीत राहतो आणि वडिलांसारखंच रामकुंडावर श्राद्ध-तर्पणाचं काम करतो. हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. यजमान समोर पाटावर बसतो. त्याच्या बोटात दर्भाचं पवित्रक, ओंजळीत पाणी आणि काळे तीळ. मी त्याच्या गेलेल्या माणसांचं गोत्र आणि नाव एकेक करून उच्चारतो आणि प्रत्येक नावाला म्हणतो, "सोडा पाणी." तो अंगठ्याच्या बाजूनं ताम्हनात पाणी सोडतो. वडील, आजोबा, पणजोबा, आई, मग चुलते, मामा, सासरकडचे. सगळे झाले की आम्ही एक प्रश्न विचारतो, "आणखी कोणी राहिलंय का?" कारण माणसं विसरतात. पाळण्यात गेलेली बहीण, मूलबाळ नसलेला काका, शाळेतला मित्र. सगळं तर्पण कोरड्या डोळ्यांनी करणारी माणसं या प्रश्नाला रडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

त्या सकाळी समोर सायखेड्याचे एक म्हातारे गृहस्थ होते, सोबत त्यांचा मुलगा. नावं झाली. मी सवयीनं विचारलं, "आणखी कोणी राहिलंय का?"

"नाय गुरुजी, झाले समदे."

"एक राहिलंय," मी म्हणालो. माझं गोत्र उच्चारलं, माझं नाव उच्चारलं आणि म्हणालो, "सोडा पाणी." त्या भल्या माणसानं सोडलं.

मुलगा मात्र लक्ष देऊन ऐकत होता. "गुरुजी, हे कोन? आमच्यात श्रीधर नावाचं कोनी नाय."

"मी," मी सांगितलं. "माझं कोणी करत नाहीये. म्हटलं तुमच्याबरोबर उरकून घ्यावं."

मी चेष्टा करत नव्हतो. आवाज चढला नव्हता, डोळे फिरले नव्हते. बापलेक एकमेकांकडे बघायला लागले. शेजारच्या पाटाशी माझा चुलतभाऊ मुकुंद दुसऱ्या यजमानांचं काम सांगत होता. तो चालू विधी सोडून उठला. आमच्यात चालू विधी सोडून कोणी उठत नाही, दारात आग लागली तरी नाही. त्यानं माझ्या हातातले दर्भ काढून घेतले आणि म्हणाला, "दादा, घरी चल."

माहीत होतं

आता लोक विचारतात, आपण मेलोय असं वाटायचं म्हणजे नक्की काय वाटायचं? वाटायचं नाही. माहीत होतं. आपलं घर कुठल्या गल्लीत आहे हे जसं माहीत असतं, तसं.

दिवाळीनंतर झोप गेली. मग चव गेली, मग भूक. पोटात काही हलेना. मुलगी पुण्याहून फोन करायची, तिचा आवाज ऐकू यायचा आणि त्याचं काहीच व्हायचं नाही. हळूहळू माझी खात्री पटली की आत सगळं थांबलंय आणि शरीर तेवढं सवयीनं रामकुंडावर जाऊन येतंय. मेलेल्यांबद्दल आपल्याला चार माणसांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. तोंडानं मात्र मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मेल्याची बातमी स्वतः काय द्यायची?

जेवणाचे सगळ्यात जास्त हाल झाले. शिजवलेलं ताट जिवंत माणसांचं असतं. त्यामुळे सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भात वाढला की मी त्याचा पिंड वळायचो आणि ताटाबाहेर ठेवायचो. ती आधी रागावली, मग रडली, मग नुसती समोर बसून राहायला लागली. माझी बंडी खांद्यावरून उतरायला लागली होती. नातेवाइकांना घरचे 'टायफॉईड झालाय' असं सांगत होते.

अमावस्येच्या त्या प्रकारानंतर मुकुंद म्हणाला, त्र्यंबकला जाऊ आणि शांत करून घेऊ. आमच्या घरात दुसरं काय सुचणार! सुनंदा म्हणाली, "भाऊजी, आयुष्यभर तुम्ही दोघांनी दुसऱ्यांची शांत केलीत. हे ते काम नाही." आणि तिनं रिक्षा बोलावली. इतक्या स्पष्ट आवाजात ती आमच्या घरात पूर्वी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गुरुजी, हे डिप्रेशन आहे. फार खोल गेलंय. आपण मेलोय हे जे तुम्हाला माहीत आहे ना, तो या आजाराचाच भाग आहे. यातून माणसं बरी होतात."

मी म्हणालो, "मॅडम, औषधं कोणा जिवंत माणसाला द्या. वाया कशाला घालवता?"

सुनंदानं एकच विचारलं. "हे जेवतील ना?"

 मॅडम म्हणाल्या, "जेवायलाच लागेल. नाही जेवले तर जे त्यांना झालंय असं वाटतंय ते खरंच होईल." हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सुनंदानं मात्र टेबलाची कड धरली. मला त्याच दिवशी दाखल केलं.

मेलेल्याजवळ बसायचं असतं

वॉर्डात सकाळी चहा, मग औषधाची रांग, मग अंघोळी. दुपारी जेवणानंतर जाळी लावलेल्या गच्चीवर फेऱ्या. संध्याकाळी टीव्ही. मला नळीनं दूध देत होते. मी विरोध करायचो नाही, मदतही करायचो नाही.

तिथं एक माणूस फिरायचा. पन्नाशीच्या आतबाहेरचा, रुंद, आणि आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला बोलला की दुसऱ्या टोकाचा पेशंट दचकायचा. गळ्यात पट्टा, त्यावर इंग्रजीत 'पिअर सपोर्ट वर्कर' असं छापलेलं, म्हणजे स्वतः अशा आजारातून गेलेला आणि आता पेशंटांना सोबत करणारा माणूस, पण ते मला पुढे कळलं. सिस्टर, वॉर्डबॉय सगळे त्याला दगडूभाऊ म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, समुपदेशक नव्हता, वॉर्डबॉयही नव्हता. मला वाटलं कोणाचा तरी नातेवाईक असेल, शिफारशीनं चिकटलेला.

तो माझ्या खाटेच्या कडेला येऊन टेकला. "महाराज, मी दगडू. नामपूरकडला. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर मी बी झोपेल शे. दारू बी व्हती आन डोक्यात आवाज बी व्हता. आते गोळ्या चालू शेत." तो शहरातल्या माणसांशी बोलायचा तेव्हा मराठी बोलायचा आणि मध्येच त्याच्या अहिराणीत घसरायचा, त्याचं त्याला कळायचं नाही.

मी म्हणालो, "माझ्याजवळ वेळ घालवू नका. मी मेलोय."

आजवर हे ऐकून लोकांनी दोनच गोष्टी केल्या होत्या. काहींनी मला पटवायचा प्रयत्न केला की मी जिवंत आहे, आणि बाकीचे घाबरले. दगडूभाऊ म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तुमी तर गुरुजी. तुमले माहीत असंल. मेलेल्या मानसापाशी बसायचं नसतं का?"

"बसायचं असतं," मी म्हणालो. "एकटं ठेवत नाहीत."

"मंग बसस," तो म्हणाला, आणि बसला.

तो रोज यायचा. काही करायचा नाही. खिशातून शेंगदाणे काढून खायचा, टरफलं दुसऱ्या खिशात टाकायचा. नामपूरच्या मार्केटात तो कांद्याचा लिलाव पुकारायचा, ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापाऱ्यांना घेऊन चालायचा, त्या गोष्टी सांगायचा. मला त्याचा आवाज सहन व्हायचा नाही. एकदा मी म्हणालो, "तुम्हाला हळू बोलता येत नाही का?" तो म्हणाला, "नई येत. लई प्रयत्न करेल शे." सल्ला मात्र त्यानं कधी दिला नाही. "मी काय करा ते सांगत नई, माले काय व्हयनं ते सांगस," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. आणि औषधाच्या रांगेत तो आमच्यामागे उभा राहायचा. सगळ्यांचं झालं की खिशातली स्वतःची गोळी काढायचा, सिस्टरकडून पाणी घ्यायचा आणि आमच्या देखत गिळायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं असं मला पुढे कळलं.

कबूतर

हळूहळू मी ताटासमोर बसायला लागलो, खायला नाही. भाताचा पिंड वळायचो आणि फेऱ्यांच्या वेळी गच्चीच्या कठड्यावर ठेवायचो. कावळा शिवतो का बघत उभा राहायचो. शिवला असता तर आपलं सुटलं असं मी धरून चाललो होतो. वॉर्डबॉय चिडायचा, कारण साफ त्याला करावं लागायचं. दगडूभाऊ माझ्याशेजारी उभा राहून कावळ्याची वाट बघायचा.

एक दिवस जाळीच्या फटीतून कबूतर आत आलं आणि पिंड खायला लागलं.

"महाराज," दगडूभाऊ त्याच्या लिलावाच्या आवाजात म्हणाला, "तुमचा घास तं कबूतर ली गयं!"

"कबूतर चालत नाही!" मी ओरडलो. फेऱ्या मारणारे सगळे थांबले. कोणीतरी हसलं.

"का बरं चालत नई?"

मी सांगायला लागलो. कावळाच का, कावळा नाही आला तर काय करतात, दर्भाचा कावळा कसा करतात, गाय चालते, वाहतं पाणी चालतं, पण कबूतर म्हणजे काय? कुठल्या शास्त्रात आहे कबूतर? मी फेऱ्यांचा वेळ संपेपर्यंत बोलत होतो. बोलून घसा कोरडा पडला आणि दगडूभाऊनं पाण्याचा पेला पुढे केला तो मी प्यालो. स्वतःच्या हातानं. त्यानं त्यावर एक अक्षर काढलं नाही, सिस्टरला खूण केली नाही. दुसरं कोणी असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या आणि मी पुन्हा आत गेलो असतो.

त्या दिवशी खाली येताना मी त्याला विचारलं, "तुम्ही ज्यांच्याजवळ बसता ते सगळे बरे होतात का?"

तो जिन्यात थांबला. "नई," म्हणाला. आणखी काही बोलला नाही. त्याचा आवाज हळू येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

सुनंदा

माझं सगळे विचारतात, सुनंदाचं कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहितो.

ती रोज डब्यात मुगाची खिचडी आणि मेतकूट घेऊन यायची, आणि डबा भरलेलाच घेऊन जायची. एक दिवस मी तिला विचारलं, "मी गेल्यावरही तू कुंकू कसं लावतेस?" आवाजात काही नव्हतं, पंचांग बघून तिथी विचारावी तसं विचारलं. ती उठून व्हरांड्यात गेली.

दगडूभाऊ तिच्यामागे गेला. त्यानं तिची समजूत घातली नाही. विचारलं, "वहिनी, तुमी जेवल्या का?" तिच्या जेवणाचं तोवर कोणीच विचारलं नव्हतं. सकाळी अंघोळ करून निघायची आणि घरी जाऊन उरलेली खिचडी खायची. त्यानं तिला सिडकोतल्या एका बाईंचा फोन नंबर दिला, ज्यांचा नवरा पूर्वी याच वॉर्डात होता. सुनंदा त्यांच्याकडे गेली. त्या दोघी काय बोलल्या मला आजही माहीत नाही, मी विचारतही नाही. पण त्यानंतर ती डबा घेऊन यायची तेव्हा माझ्यासमोर बसून स्वतः जेवायची. मी नाही जेवलो तरी ती जेवायची.

आखाजी

मॅडमनी शॉक द्यायचं ठरवलं. हा शब्द ऐकून मुकुंद हॉस्पिटलात भांडायला आला. सुनंदाला त्या सिडकोच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की भूल देतात, कळत नाही, डोकं काही दिवस जड राहतं. तिनं सही केली. ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांना एवढंच सांगतो, मला औषधांनी आणि त्या उपचारानं बाहेर काढलं. दगडूभाऊनं नाही. त्यानं मी बाहेर येईपर्यंत माझ्याजवळ बसून सोबत केली. दोन्ही लागतं.

पहिल्या काही वेळांनंतर मी चहा प्यायला लागलो. घासभर खिचडी. तरी आत अजून शांत होतं.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि दगडूभाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही. औषधाच्या रांगेत आमच्यामागे जागा रिकामी. एक वॉर्डबॉय दुसऱ्याला म्हणाला, "गेला असंल गावाकडं. आखाजीत पितात सगळे. परत चढली असंल." दुसरा हसला.

मी खाटेवर बसलो होतो आणि माझ्या छातीत काहीतरी दुखायला लागलं. मला आधी वाटलं हार्ट अटॅक. मग कळलं की मी घाबरलोय. मी सिस्टरला विचारलं, "दगडूभाऊ कुठे आहेत?" तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी पुन्हा विचारलं. सुनंदा आली तेव्हा तिला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. दिवाळीनंतर मी कोणाची चौकशी केली नव्हती, मुलीचीसुद्धा नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काळजी वाटतेय त्यांची?"

"हो," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. मेलेल्याला कोणाची वाट बघता येत नाही. हे कोणी मला समजावून सांगितलं नाही. ते माझं मलाच उमजलं, आणि ते फार दुखलं.

तो आठवड्यानं आला. दाढी वाढलेली. संध्याकाळी आम्ही सगळे गोल करून बसायचो तेव्हा तो खुर्चीवर न बसता खाली बसला आणि स्वतःचं सांगायला लागला. त्यांच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. त्याचा बाप वारला तेव्हा दगडूभाऊ पिऊन मार्केटच्या शेडमागे पडलेला होता. दहाव्याला शुद्धीवर नव्हता. सगळं धाकट्या भावानं केलं. आई तेव्हा म्हणाली होती, "तुना हातनं पानी त्याले पोचनार नई." यंदा तो घागर भरायला म्हणून गावी गेला, आईनं घागर भावाच्याच हातात दिली.

"मी उठनू आन दारूच्या दुकानाच्या पायरीवर जाई बसनू," तो म्हणाला. "आत गयो नई. मॅडमले फोन लावला. मग मालेगावला मनासारखाच दारू सोडेल एक जन शे, त्याच्याकडं राहिनू. प्यालो नई. पन बसेल व्हतू पायरीवर, ते खरं." हॉस्पिटलात कामाला ठेवलेला माणूस पेशंटांच्या समोर हे सांगत होता. मॅडम शेजारी बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली.

सगळे उठल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "पाणी पोचतं," मी म्हणालो.

"आई म्हनते..."

"आईंना सांगा, पंचवटीच्या गुरुजींनी सांगितलंय. पोचतं. तिथी माहीत नसली तरी सर्वपित्रीला करता येतं. तो माझा विषय आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुमी तं मेले शेत ना महाराज? मंग करनार कोन?"



"मी," मी म्हणालो.

घरी

ज्येष्ठात घरी आलो. बरं होणं म्हणजे एक दिवस उठून टुणटुणीत होणं, असं जे समजतात त्यांची निराशा होईल. भूक आली, झोप आली, मुलीचा आवाज आत पोचायला लागला. मी सत्यनारायण सांगितले, एक वास्तुशांत सांगितली. लोक बोलावत होते, काही बोलवेनासे झाले. रामकुंडावर मात्र मी जात नव्हतो. मुकुंद दोघांचं काम ओढत होता आणि प्रेमानं म्हणायचा, "दादा, तू आता मंगल कार्यंच कर."

मला भीती होती, ती एकाच जागेची. नावं घेताना जीभ घसरेल. यजमानाला विचारेन, आणखी कोणी राहिलंय का, आणि पुन्हा माझंच नाव तोंडातून निघेल. आजार गेलाय की दबा धरून बसलाय हे बघायला माझ्याकडे ती एकच जागा होती, आणि म्हणूनच मी तिथं जात नव्हतो. मॅडम म्हणाल्या घाई नाही. सुनंदा म्हणाली, नाही केलं तरी काय बिघडतं.

भाद्रपदात दगडूभाऊचा फोन आला. "महाराज, सर्वपित्रीले आईले घेऊन येस." त्यानं विचारलं नाही, जमेल का म्हणून. कबूल केल्याची आठवणही करून दिली नाही.

सर्वपित्री

त्या दिवशी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. मुकुंदनं आपल्या शेजारी माझा पाट मांडला होता, माझ्याकडे न बघता. सुनंदा वरच्या पायरीवर डबा घेऊन उभी होती. बसायला सांगितलं तर बसली नाही.

दगडूभाऊची आई काठी टेकत आली. लहानशी, नऊवारीतली म्हातारी. आधीची लेकरं जगेनात म्हणून हिनं या मुलाचं नाव दगडू ठेवलं होतं, दगडाला कोण नेणार म्हणून. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "महाराज, मी तवय रागमा बोलनू. याना हातनं पानी पोचस ना?"

"पोचतं, आई."

"मंग पुढला आखाजीले घागर तोच भरी," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

दगडूभाऊ उघड्या अंगानं पाटावर बसला. त्याच्या जाड बोटात पवित्रक जाईना, मी सैल करून दिलं. मी म्हणालो, "वडिलांचं नाव?"

"महादू."

मी गोत्र उच्चारलं, मग महादूचं नाव उच्चारलं. ते स्वच्छ आलं. "सोडा पाणी." त्यानं सोडलं, आणि एवढा मोठा माणूस खांदे हलवून रडायला लागला. त्याची आई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. मी थांबलो. मग आजा, पणजा, आजी. एकेक नाव नीट गेलं.

मग ती जागा आली. हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं नाही, विधी त्याशिवायही पुरा होतो. मुकुंदनं आपल्या यजमानांचं थांबवलं होतं, तो माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "आणखी कोणी राहिलंय का?"

"शेत," दगडूभाऊ म्हणाला. ओंजळीत पाणी घेतलं. "परवीन. सटाण्याचा. त्यानापाशी मी लई दिवस बसेल व्हतू. घरी गया आन..." तो थांबला. "त्यानं नाव घ्या."

मी नाव घेतलं. सोडा पाणी.

"मंगलबाई. वार्डात माले भाऊ म्हने."

सोडा पाणी.

"सोमा. पेठकडला. द्राक्षाच्या कामाला येल व्हता. गोत्र माले माहीत नई."

"गोत्र मी बघतो. तुम्ही नाव सांगा."

"सोमा," तो पुन्हा म्हणाला, आणि मी घेतलं, आणि त्यानं पाणी सोडलं.

जिन्यात तो नुसतं "नई" म्हणाला होता, त्याच्या पुढचं हे होतं. हा माणूस त्यांच्याही खाटेच्या कडेला बसला होता. तेच शेंगदाणे, तोच आवाज, तीच गोळी रांगेत उभं राहून घेतलेली. आणि दुसऱ्या दिवशी तो पट्टा गळ्यात घालून पुढच्या खाटेजवळ गेला होता. त्यातली एक खाट माझी होती.

यजमान नाही म्हणेपर्यंत विचारत राहायचं असतं. मी विचारलं, "आणखी कोणी?"

दगडूभाऊनं मान वर केली. ओल्या हातांनी तो माझ्याकडे बघत राहिला. चेहरा, खांदे, हात, सगळं बघितलं त्यानं. मी त्याच्या डोळ्यांसमोरून हललो नाही.

"नई महाराज," तो म्हणाला. "बस. आते कोनी नई."

त्यानं ओंजळ उलटी केली आणि हात धोतराला पुसले. वरच्या पायरीवर सुनंदा डबा घेऊन उभी होती. मला भूक लागली होती.